छापील बाजू बाहेर

छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

ति. दादास,

तनूचा नमस्कार. आई, वहिनी आणि शेडातली तुमची हजारो लेकरं, त्या रेशमाच्या अळ्या, खुशाल असतील असं धरून चालते.

इकडं आम्ही ठीक. ऋतुराजला वाळूजला या आठवड्यात दुसरी पाळी आहे. तो घरी असतो तेव्हा मी ऑफिसात, आणि मी घरी येते तेव्हा तो गेलेला. आमचा संसार सध्या फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून चालला आहे. अमृता सातवीत गेल्यापासून स्वतःला फार शहाणी समजते. परवा तिला कुकर लावायला शिकवलं. गॅस कुठून बंद करायचा, दूधवाल्याला काय सांगायचं, किल्ली शेजारी कुणाकडं ठेवायची, सगळं. “मम्मी, तू कुठं चाललीस का?” म्हणून विचारत होती. मुलांना सगळं आलं पाहिजे, असलं काहीतरी बोलले आणि विषय बदलला. भात मात्र चांगला झाला होता.

पत्र बघून तू वहिनीला म्हणशील, “हिचा फोन बंद पडला का काय?” फोन चालू आहे. पण तुझा फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. मी हॅलो म्हटलं की तू स्पीकर लावतोस, आई चुलीपुढून जाब विचारते आणि ओट्यावर बसलेली माणसं माझ्या तब्येतीवर मत देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर ते तू थेट रेशीम गटावर टाकतोस. म्हणून म्हटलं, कागदावरच लिहावं. मनकर्णाकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. त्या उद्या गावी निघाल्यात, त्यांच्याजवळ देते. त्या वाटेत फोडून वाचतील ही भीती नाही, डोळ्याला अजून पट्टी आहे.

आता मुद्द्याचं. वहिनीनं फाट्यावरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. केवढा रे तो! आमदाराच्या वाढदिवसालाही एवढा लागत नाही. “आमच्या गावचं रेशीम, हिमरू शालीच्या रूपानं सातासमुद्रापार!” आणि खाली मी, हात जोडून, दिवाळी संपल्यावर उरलेल्या चकलीसारखा चेहरा करून. “आमच्या कन्या, निर्यात विभागप्रमुख सौ. तनुजाताई यांचे हार्दिक अभिनंदन.” विभागप्रमुख कसली डोंबलाची. आमच्या विभागात मी आणि एक पंखा. परदेशी जाणाऱ्या शालींचे कागद करायचे आणि सही ठोकायची, एवढंच माझं काम. आणि त्याखाली आमच्या कंपनीचं नाव, तेही माझ्या नावापेक्षा मोठं. “आमचे कोश खरेदी केल्याबद्दल जाहीर आभार.”

दादा, तो फ्लेक्स काढ.

रागावू नकोस. तू हौसेनं लावलास, गटातल्या सगळ्यांनी वर्गणी काढली, हे वहिनी म्हणाली. पण मला ते बरं नाही वाटत. एक तर फोटो वाईट आहे. दुसरं म्हणजे लोकांची नजर लागते. तिसरं, रस्त्यावर विनापरवाना फ्लेक्स लावला की दंड होतो म्हणे, कालच इथं क्रांती चौकातले सगळे उतरवले. आणि वारं सुटलं, तो एखाद्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर पडला, तर निस्तरायचं कुणी?

पोळ्याच्या आत काढ. एवढं ऐक. का, कशाला, ते आल्यावर बोलू.

आईला सांग, माझी तब्येत चांगली आहे. अळ्यांसाठी तिनं मिश्री सोडली हे ऐकून इथं सगळे हसलो. जन्मभर आपले अण्णा ‘कारभारीन, ती तंबाखू सोड’ म्हणून कानीकपाळी ओरडत गेले, त्यांच्यासाठी नाही सोडली. तंबाखूचा वास अळ्यांना बाधतो म्हटल्यावर डबी उचलून उकिरड्यावर टाकली. तिला माझा नमस्कार सांग.

तुझी
तनू


सोमवार, १८ ऑगस्ट

ति. दादास,

नमस्कार. तुझा फोन आला, “काढला गं बाई, काढला, आता झोप निवांत,” एवढं ऐकलं आणि खरंच बसल्या जागी डोळे मिटले. तू आधी तिथं लिंबू-मिरची बांधून बघितलीस, हे वहिनीनं सांगितलं. नजर लागते म्हटलं तर तू नजरेवर इलाज केलास. तुझ्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट भरली की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही, आणि तरी तू माझं ऐकलंस. उपकार झाले.

हे पत्र टोमॅटोच्या टेंपोवाल्या सत्यमकडे देते आहे. त्याला बजावलंय, सोमनाथभाऊच्याच हातात दे.

तू विचारलंस, “तुझं तिथं काय लफडं झालंय का?” लफडं काही नाही. पण तुला थोडं समजावून सांगते, म्हणजे तू उगाच काळजी करणार नाहीस.

लग्नात आपण मांडववाल्याकडून भांडी आणतो, तेव्हा तो अनामत ठेवून घेतो की नाही? तीच भांडी परत नेऊन दिली की अनामत परत. आयातकराचं तसंच आहे. परदेशातून रेशमाचं सूत आणलं की सरकार बंदरावर कर घेतं. म्हणजे इथल्या बाजारात ते सूत तुझ्यासारख्याच्या रेशमापेक्षा स्वस्त पडू नये, हा हेतू. पण त्याच सुताची शाल विणून पुन्हा परदेशी पाठवली, तर सरकार म्हणतं, हे सूत आमच्या बाजारात आलंच नाही, घ्या तुमचा कर परत. आमच्याकडं त्याला ड्रॉबॅक म्हणतात. कायद्यातलं आहे, चोरी नाही. त्याच्यावर कितीतरी कारखाने जगतात.

फक्त एक आहे. भांडी तीच असावी लागतात.

आमचे मालक श्रीरंग साहेब म्हणतात, परतावा नसता तर हे माग केव्हाच बंद पडले असते, आणि ते काही खोटं नाही. परदेशी गिऱ्हाईक मोठं हुशार. त्याला ठाऊक असतं की यांना कर परत मिळतो, म्हणून तेवढाच भाव आधी पाडून मागतो. साहेबही देतात, कारण ते नाही म्हणाले तर दुसरा आहेच. शाल विकून हाती काही उरत नाही. उरतो तो परतावा. म्हणजे सरकार देतं साहेबांना आणि त्यातलं निम्मं तिकडच्या दुकानदाराच्या खिशात जातं, अशी ही गंमत. आणि दुसरी गंमत तुझी. तुझ्या रेशमावर बंदरावर काही भरलेलंच नसतं, म्हणून परत काही मिळत नाही. मग निर्यातवाल्यानं तुझं रेशीम घ्यावं कशाला? बाहेरचंच बरं. जो कर तुझ्या राखणीला लावला, तोच परत देऊन तुला बाजूला सारलं, असं होतं बघ. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू कधी विचारलंही नाहीस, की मग तुमची कंपनी माझं का घेते.

असो.

या आठवड्यात आमच्याकडं तपासणी आहे. करखात्यातले एक अधिकारी आलेत. शांत माणूस आहे, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पितो. गोदाम बघितलं, माग बघितले, शालीचा एक पदर बोटांत धरून बराच वेळ उभा होता. मला विचारलं, “हे सूत कुठलं?” मी म्हटलं, कागदात आहे साहेब. ते फक्त “बरं” म्हणाले.

तपासणी नेहमीचीच असते. घाबरण्यासारखं काही नाही. तरी आजकाल दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघते. भाजी चिरता चिरता हात थांबतो. ऋतुराज म्हणतो, बीपी तपासून घे.

तुला फ्लेक्स काढायला सांगितला त्याचं कारण तेच. हे अधिकारी रविवारी बायकामुलांना घेऊन अजिंठ्याची लेणी बघायला जाणार आहेत. साहेबांनी कंपनीची गाडी देऊ केली, तर म्हणाले, नको, आम्ही आमच्या गाडीनं जाऊ. आणि अजिंठ्याला जायचं म्हणजे आपल्या फाट्यावरूनच जावं लागतं. उगाच तो फ्लेक्स वाचून त्यांनी चार प्रश्न विचारले असते, फुकटचा ताप. आता काढलास, प्रश्न मिटला.

आणखी एक. कधी कुणी येऊन विचारलंच, की तुमचे कोश कुठं जातात, तर जालन्याच्या बाजारात जातात म्हणून सांग. ते तसं खरंही आहे, धागा काढायला आधी जालन्यालाच जातात ना. त्यापुढचं आपल्याला माहीत नाही म्हणायचं. आईला आणि वहिनीलाही तसंच सांगून ठेव. आईला नीट समजावून सांग, नाहीतर ती सगळं कौतुकानं ओकेल.

पोळ्याला यायचं जमणार नाही. बैलांना माझ्या नावानं एक पुरणपोळी जास्त घाल.

वाचून झालं की पत्र चुलीत टाक.

तुझी
तनू


गुरुवार, २१ ऑगस्ट

दादा,

मनकर्णाकाकू काल डोळा दाखवायला आल्या, पट्टी गावीच निघाली होती. माझ्याकडं जेवायला बसल्या आणि काय म्हणाल्या ठाऊक आहे? “नव्या डोळ्यानं पयल्यांदा काय दिसलं सांगू का तनू? शेडावर तूच! येष्टीतनं उतरलं की लांबून हात जोडून हुबी. लई झ्याक दिसतीस.”

माझी तव्यावरची पोळी करपली.

फ्लेक्स काढलास तू, खोटं नाही बोललास. पण आपल्याकडं काढलेला फ्लेक्स कुणी फेकून देतं का? मला सुचायला हवं होतं. कुणाच्या मक्यावर उमेदवार पसरलेला असतो, कुणाच्या गोठ्यावर नवरदेव. तू मला शेडाच्या रस्त्याकडच्या बाजूला ताणून बांधलंस. फाट्यावर होते तेव्हा गाड्या भुर्रकन निघून गेल्या असत्या. आता अजिंठ्याच्याच रस्त्याच्या वळणावर, जिथं प्रत्येक गाडी हळू होते, तिथं मी समोर.

काल संध्याकाळी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, “अगं, बांधापलीकडं सुदर्शननं कपाशीला फवारणी काढलीय, वारं आपल्याकडचं. एक शिंतोडा आला तर समद्या अळ्या जातील. आत्ता कुठं शेवटची कात टाकून पाल्यावर तुटून पडल्यात. पाचसहा दिसांत कोशावर येतील. तवर हालवता येणार नाय.” मी म्हटलं, मग उलटा तरी बांध. तर म्हणालास, “छापील बाजू आत केली तर शाईचा वास सुटतो. अळ्या तोंड फिरवत्यात. छापील बाजू बाहेरच पायजे.” मी म्हटलं, वरून दुसरं काही टाक. तर म्हणे दोन थर झाले की आत कोंडतं. तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, मग निदान माझ्या तोंडावर आणि कंपनीच्या नावावर डांबर फास, काहीही फास!

आणि मग नेहमीप्रमाणं स्पीकरवर आई.

“लेकीच्या तोंडाला काळं फासू व्हय गं? जित्या माणसाच्या? तुला झालंय तरी काय? परवा म्हनं कोश कुठं जात्यात ते सांगू नका. आपल्या शेडात झालं, ते आपलं नाय म्हनायचं? चोरलंय का आपण?”

मी फोन ठेवला.

दादा, आता सरळ लिहिते. हे पत्र जाळू नकोस.

चोरलंय. तुम्ही नाही. आम्ही.

गेल्या लग्नसराईत रेशमाचा भाव एकदम चढला. आमच्या गोदामात परदेशी सुताचे गठ्ठे नुकतेच उतरले होते, कर भरलेला होता. श्रीरंग साहेबांनी ते शहागंजातल्या एका व्यापाऱ्याला विकले. चांगला भाव आला. पण मागावर शाली तर विणायच्या होत्या, परदेशची ऑर्डर होती. तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “तनुजाताई, तुमच्या बंधूंचं रेशीम कसं असतं हो?” मला इतका आनंद झाला! तुला आठवतं, मी त्या दिवशी ऑफिसातूनच फोन करून ओरडले होते. पेढे वाटले. तू गटातल्या लोकांना म्हणालास, “आपली तनू हाय तिथं, काळजी नाय.” त्यावर किती जणांनी तुती लावली, शेड उभे केले.

शाली तुझ्या रेशमाच्या गेल्या. सुंदर गेल्या. आणि मग परताव्याचे कागद माझ्या टेबलावर आले. त्यात लिहिलं होतं की या शाली बंदरावर कर भरलेल्या परदेशी सुताच्या आहेत. म्हणजे भांडी भंगारवाल्याला विकली आणि मांडववाल्याकडं जाऊन अनामत परत मागितली.

मी आमचे जुने हिशेबनीस दत्तोपंत आहेत ना, त्यांच्याकडं गेले. म्हटलं, काका, हे बरोबर नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, “सूत हे सूतच असतं, ताई. शाल परदेशी गेली, डॉलर आले, देशाचं भलं झालं. आणि परतावा बुडाला, तर साहेब पुन्हा तुमच्या बंधूंकडून रेशीम घेतील असं वाटतं का तुम्हाला?”

एवढंच बोलले. मी सही केली. पुढच्या खेपेलाही केली. मला कुणी धमकावलं नाही, दमदाटी केली नाही. तुझं रेशीम विकलं जातंय, आई शेडात चपला काढून देवळात जावं तशी जाते, वहिनीनं कानातलं सोडवून आणलं, हे मला दिसत होतं. तेवढंच बघायचं ठरवलं मी. बाकीच्याकडं पाठ फिरवली.

आता तुला कळेल तो फ्लेक्स मला का नको होता. आमच्या कागदांत तुझ्या गावाचा एक कोशसुद्धा नाही. तुम्ही असणं हाच आमच्यावरचा पुरावा. तू आनंदानं जाहीर आभार मानलेस, आणि तो आनंद वाचून मी तुला खोटी कारणं लिहायला बसले. सख्ख्या भावाच्या कौतुकाची भीती वाटावी, अशी वेळ आली माझ्यावर.

काल दत्तोपंतांनी मला थांबवलं. जिन्यात कुणी नव्हतं. म्हणाले, “बंधूंची एक सही लागेल. आम्ही या कंपनीला कधीही माल दिला नाही, एवढंच लिहायचंय. मजकूर मी तयार ठेवलाय.” मी म्हटलं, ते नाही करणार. तेव्हा अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाची चौकशी करावी तसं म्हणाले, “बघा बुवा. सगळ्या कागदांवर सही तुमची आहे, तनुजाताई. साहेबांची कुठंच नाही.”

तेव्हापासून भीती काय असते ते कळलं. आधी नुसती धाकधूक होती. आता ती अंगात राहायला आली आहे. पोलिसांची गाडी नुसती रस्त्यावरून गेली तरी अमृताला जवळ ओढते. तिला कुकर का शिकवला ते तुझ्या लक्षात आलं असेल. रात्रपाळी नसताना ऋतुराजला काय खायला लागतं, गोळ्या कुठं आहेत, तेही तिला सांगून ठेवलंय, खेळासारखं. पोरगी शहाणी आहे, खेळ नाही हे तिला समजलंय. ती काही विचारत नाही, आणि ते मला जास्त झोंबतं.

दत्तोपंतांचा तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. आज सकाळपर्यंत तो या पत्रासोबत पाठवायचा, असंच मनात होतं. तू सही केली असतीस. तुला सगळं न सांगता, “तनूसाठी कर,” एवढं म्हटलं असतं तरी केली असतीस. आणि मग गटातल्या प्रत्येकाला तेच सांगावं लागलं असतं. कोशांच्या ढिगावर बसलेल्या अख्ख्या गावानं म्हणायचं, आम्ही रेशीम कधी काढलंच नाही. आईनंसुद्धा. मिश्री सोडलेल्या आईनं.

लिहिता लिहिता हे डोळ्यापुढं आलं आणि तिथंच मी थांबले.

फ्लेक्स काढू नकोस, दादा. तोंडावर काही फासू नकोस. ऊन, वारा, सुदर्शनची फवारणी, जे काय यायचं ते त्या फोटोवर येऊ दे. आत अळ्यांना पोटभर खाऊ दे, कोशावर येऊ दे. निदान या वेळची माझी कामाची जागा तीच आहे.

ऋतुराजला मी दुपारी सांगितलं. त्यानं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “एकटी जायचं नाही, मी येतो.” बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला, मला वाटतं रडला. शनिवारी सकाळी आम्ही दोघं त्या अधिकाऱ्यांकडं जाणार आहोत. लेण्यांच्या रस्त्यावर त्यांना माझा फोटो दिसायच्या आधी मीच जाऊन सांगते. पुढं काय होईल ते ठाऊक नाही. एका वकिलाला फोनवर विचारलं, तो म्हणतो, स्वतःहून गेलं तर बरं असतं. बरं म्हणजे किती बरं, ते तो सांगत नाही. मला खूप भीती वाटते आहे. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, बघ.

आणि तुझ्यासाठीही भीती वाटते. कंपनी आता तुझं रेशीम घेणार नाही. या अळ्यांचे कोश जालन्याच्या बाजारात जे मिळेल त्याला द्यावे लागतील, आणि ज्यांनी माझ्या भरवशावर तुती लावली ते तुझ्या ओट्यावर येऊन बसतील. त्यांना काय सांगायचं? माझं नाव सांग. तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. लहानपणी माझे फुटलेले माठ तू तुझ्या डोक्यावर घ्यायचास, तशी ही वेळ नाही.

रविवारी ते अधिकारी कदाचित तुझ्याकडं थांबतील. मी सगळं सांगितल्यावर बघायला येतीलच. घाबरू नकोस, भांडूही नकोस. त्यांना चपला काढायला लाव, उंबऱ्यातल्या चुन्यावरून पाय टेकवून आत ने. मुलं सोबत असली तर अत्तर-बित्तर लावलेलं नाही ना बघ आणि हळू बोलायला सांग. आईला पुढं करू दे, तिला जे सांगायचं ते कौतुकानं सांगू दे, अडवू नकोस. आणि त्यांनी विचारलं, हे कोश कुठं गेले, तर खरं सांग. सगळं. माझी बहीण सही करायची, हेही.

एकच मागते. मला जर घरी यायला उशीर झाला, किती ते विचारू नकोस, मला माहीत नाही, तर अमृताला गणपतीसाठी म्हणून तिकडं घेऊन जा. तिला अळ्यांची भीती वाटते. वहिनीला सांग, पहिल्या दिवशी शेडात नेऊ नकोस. आधी बाहेर बसवून तुतीची पानं खुडायला दे. मग एक अळी तिच्या तळहातावर ठेव. गार लागते, चावत नाही, एवढं कळलं की भीती जाते. माझी तू तशीच घालवली होतीस.

आईला हे पत्र तूच वाचून दाखव. फोनवर नको, स्पीकरवर तर नकोच. शेडाबाहेर बसून, हळू आवाजात वाच. ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस. शनिवारपर्यंत तरी नको.

पहिल्या पत्रातली सगळी कारणं खोटी होती. दुसऱ्यातली अर्धी. या पत्रात एकही ओळ खोटी नाही, म्हणून कंपनीच्या कागदांवर करते ती पूर्ण सही, पहिल्यांदाच खऱ्याखाली करते आहे.

तनुजा ऋतुराज काळवणे